वन्संची कुजबुज

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या मोठ्या नणंद, घराजवळच्या माध्यमिक शाळेत ग्रंथपाल आहेत. मुलं त्यांना लायब्ररीबाई म्हणतात. दोन महिन्यांनी त्या निवृत्त होतील. निरोपाच्या दिवशी शाळेच्या मोठ्या बाई भाषण करतील आणि त्यात ‘कर्तव्यदक्ष’ हा शब्द निदान चारदा येईल. पण वन्संनी एकतीस वर्षं जे केलं ते त्या भाषणात नीट येणार नाही, कारण ते कुणाच्या कानावर पडूच नये अशी त्या कामाची रीत आहे. म्हणून मीच लिहायला बसले.

दर वर्षाच्या शेवटी शाळेचं गॅदरिंग असतं. नाच असतात, गाणी असतात आणि मधे एक मोठं नाटक. त्या नाटकाला वन्सं प्रॉम्प्टिंग करतात. डाव्या विंगेत पडद्याआड एक बुटकं स्टूल असतं, त्यावर मांडीवर वही घेऊन बसायचं आणि कुणी वाक्य विसरलं की त्याला शब्द द्यायचा. त्याला ऐकू गेला पाहिजे, पहिल्या रांगेला नाही.

सुरुवात अपघातानंच झाली. ग्रंथालय आणि सभागृह यांच्यामध्ये एकच भिंत, तीही पातळ. नोकरीच्या पहिल्या वर्षी वन्सं इकडे पुस्तकांची कार्डं लिहीत बसायच्या आणि तिकडे तालमी चालायच्या. महिन्याभरात अख्खं नाटक त्यांना पाठ. प्रयोगाच्या दिवशी न्यायाधीशाच्या टेबलावर ठेवायला जाडजूड शब्दकोश हवे होते, ते द्यायला त्या विंगेत गेल्या आणि नेमका त्याच वेळी वकील झालेला मुलगा अडला. हात वर, तोंड उघडं, शब्द नाही. वन्संनी कोश छातीशी धरून तिथूनच शब्द दिला. मुलगा सुटला. वन्सं मात्र कोश धरून शेवटपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या आणि न्यायाधीशानं रिकाम्या टेबलावरून निकाल दिला. पुढच्या वर्षीपासून त्यांच्यासाठी स्टूल आलं.

त्यांची पद्धत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. नाटक ठरलं की त्या सगळं नाटक स्वतःच्या हातानं उतरवून काढतात, पानाच्या एकाच बाजूला, ठसठशीत अक्षरात. मग तालमी बघत बघत लाल पेन्सिलनं खुणा. उभी रेघ म्हणजे इथे मूल श्वास घेतं. फुली म्हणजे इथे हमखास अडतं. आणि गोल म्हणजे इथे मुद्दाम गप्प राहायचं आहे, शब्द देऊ नये. गोलात आकडा असतो, किती मोजेपर्यंत गप्प राहायचं त्याचा. गप्प बसलेल्या नटाला विसरला समजून शब्द देणं हे त्यांच्या लेखी सगळ्यात मोठं पाप. “अडलेल्याला मदत केली नाही तर एक वाक्य जातं. गप्प बसलेल्याला केली तर नाटक जातं,” असं त्या म्हणतात.

आणि अडलेला कोण, गप्प कोण, हे ओळखायचं कशावरून? पायांवरून. बुटक्या स्टुलावर बसल्यावर डोळ्यांसमोर येतात ते पायच. मूल विसरायला लागलं की आधी पायाचा अंगठा आत दुमडतो. चेहऱ्याला पत्ता नसतो, अंगठ्याला असतो. म्हणून त्यांचा एकच हट्ट असतो, नाटकात बूटचपला नकोत. एकतीस वर्षांत शाळेच्या रंगमंचावर राजे आले, डॉक्टर आले, एकदा तर चंद्रावर जाणारी माणसंही आली. सगळी अनवाणी.

आता माझं थोडं, नाइलाज आहे. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. शाळा आठवीत सुटलेली. चार माणसं बैठकीत आली की मला घाम फुटायचा, कुणी नाव विचारलं तरी पदराशी चाळा करत उभी. सासू नव्हती, वन्सं होत्या. आईवडील लवकर गेले म्हणून त्यांनी धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना, वाढवलं आणि त्यात स्वतःचं लग्न राहून गेलं. मला वाटलं, आता रोज बोलणी खायची. चौथ्या दिवशी त्यांनी एक कोरी वही पुढ्यात ठेवली. “रोज एक पान. काय लिहू ते विचारू नकोस. जे झालं ते लिही.”

मी लिहिलं, “आज काही झालं नाही.”

दुसऱ्या दिवशी वही परत आली. खाली लाल पेन्सिलनं, “मग जेवलो काय?”

तीन वर्षं त्यांनी माझी वही तपासली. मी बाहेरून परीक्षा देऊन दहावी झाले. निकालाच्या दिवशी त्यांनी नवी वही दिली आणि म्हणाल्या, “ही आता तुझी. मी उघडणार नाही.” मी रोज लिहीत गेले, वह्या भरत गेल्या, आणि बावीस वर्षांत त्यांनी खरंच एकही उघडली नाही. माझं काही बरं झालं असेल तर त्याला देवाच्या खालोखाल ह्या लाल पेन्सिलीचा हात आहे. रोज सकाळी हात जोडते तेव्हा वन्संना उदंड आयुष्य मागते, आणि हे त्यांना ठाऊक नाही.

तर अशा माणसाला मला एक गोष्ट सांगायची वेळ आली.

वन्संना ऐकू कमी येऊ लागलं होतं. घरात आम्हांला दिसत होतं. दूधवाला घंटी वाजवून वाजवून निघून जायचा. कुकर शिट्ट्या मारून थकायचा आणि वन्सं शेजारी भाजी निवडत शांत. रेडिओ इतका मोठा, की शेजारीण म्हणाली, “आम्ही आमचा विकला. तुमच्यावर भागतं.” पण आपणहून कोण बोलणार? त्याही विषय निघाला की, “तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात बोलता,” म्हणून मोकळ्या व्हायच्या.

ज्याला स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नाही त्याची कुजबुज आपोआप चढते. मागच्या वर्षीच्या नाटकात राजा मुकुट काढायचं विसरला. वन्संनी विंगेतून हळूच सांगितलं, “मुकुट काढ, गाढवा.” ते हळूच सातव्या रांगेत मी ऐकलं. सगळं सभागृह हसलं. राजानं घाईघाईनं मुकुट काढला, लोक आणखी हसले. वन्संना वाटलं, राजावरच हसतायत. त्या रात्री जेवताना त्या म्हणाल्या, “पोरगं विसरलं, पण सावरलं हो.” आम्ही तिघांनी ताटात बघितलं.

तिसरी म्हणजे आमची लेक. नववीत आहे. अखंड बोलते म्हणून वन्संनीच तिचं नाव टिटवी ठेवलं. यंदाच्या नाटकात ती होडीवाली होती. मोठी नदी, मधोमध होडी, होडीत भांडणारे पाच उतारू. नाटक विज्ञानाच्या सरांनी लिहिलेलं. त्यांचं शाळेतलं दुसरंच वर्ष. गॅदरिंगला पाच दिवस राहिले असताना टिटवी तालमीहून आली ती दप्तर फेकूनच.

“आई, आत्याचं प्रॉम्प्टिंग पार पटांगणात ऐकू येतं. मुलं म्हणतात, आमचं नाटक दोनदा होतं. एकदा बाईंचं, एकदा आमचं.”

“हळू बोल.”

“हळू कशाला? तिला कुठे ऐकू येतंय?” असं म्हणाली आणि स्वतःच ओठ चावून रडायला लागली.

त्याच संध्याकाळी विज्ञानाचे सर घरी आले. वन्सं समोर बसल्या. सरांनी चहा घेतला. हवापाण्याचं झालं. मग आणखी एक चहा घेतला. मग आमच्या खिडकीच्या पडद्याची फार तारीफ केली, कापड कुठून घेतलं, धुतल्यावर आटतं का, सगळं विचारलं. आणि उठले. मी दारापर्यंत गेले तेव्हा चपला घालता घालता म्हणाले, “वहिनी, मोठ्या बाईंनी निरोप दिला होता. यंदा प्रॉम्प्टिंगच नको म्हणाल्या. लायब्ररीबाईंना पहिल्या रांगेत बसवू, फुलं देऊ. मला काही तोंड उघडेना. तुम्हीच सांगा.”

“मी?”

“तुम्ही घरच्या.” आणि पायऱ्या उतरून गेलेसुद्धा.

फुलं देऊन पहिल्या रांगेत. वन्संना त्याचा अर्थ एका क्षणात कळला असता. शेवटच्या वर्षी त्यांना त्यांच्या स्टुलावरून उठवायचं, आणि का ते सांगायचंही नाही. मग त्या पुढची वीस वर्षं मनाशी विचारत बसणार, माझं काय चुकलं?

ह्यांना म्हटलं, “तुम्ही सांगा. तुमची सख्खी बहीण.”

“मी नाही बुवा. ताईनं मला वाढवलंय.”

“आणि मला काय बाजारातून आणलंय त्यांनी?”

“तसं नाही. पण तू बायकाबायकांत...”

“बायकाबायकांत काय? कान काय बायकांचे वेगळे असतात?”

ते वर्तमानपत्रामागे गेले. कालचं होतं, तरी वाचत बसले.

दोन दिवस मी प्रयत्न केला. भाजी निवडताना सुरुवात केली, त्यांनी विचारलं, “काय?” मी म्हटलं, “काही नाही.” कपड्यांच्या घड्या घालताना सुरुवात केली, त्या म्हणाल्या, “काय ते मोठ्यानं बोल, पुटपुटू नकोस.” आता ते वाक्य मोठ्यानं कसं बोलायचं? तोंडातून शब्द निघेना. एकोणीस वर्षांची असताना बैठकीत उभी राहायचे तशी अवस्था. तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, देवापुढे बसले. काही मागितलं नाही, नुसती बसले. उठले तेव्हा ध्यानात आलं, की मला बोलायला जमत नाही तेव्हा काय करायचं ते वन्संनीच शिकवून ठेवलंय. वही घेतली आणि त्या दिवसाचं पान लिहिलं.

जे झालं ते लिहिलं. तुमची कुजबुज सातव्या रांगेपर्यंत येते. मागच्या वर्षी लोक राजावर हसले नाहीत. दूधवाला रोज चार वेळा घंटी वाजवतो. शाळेत यंदा प्रॉम्प्टिंग नको म्हणतात. सर हेच सांगायला आले होते. मला हे तोंडानं सांगता येत नाही, ते तुमची भीती वाटते म्हणून नाही, तुम्हांला वाईट वाटेल याची वाटते म्हणून. खाली तारीख घातली. वन्संच्या खोलीत गेले, वही उघडी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

“हे काय? मी म्हटलं होतं ना, उघडणार नाही?”

“तपासायची आहे,” मी जोरात म्हणाले आणि स्वयंपाकघरात पळाले.

ती दुपार फार मोठी गेली. खोलीचं दार लागलं. चहाच्या वेळी त्या आल्या नाहीत. टिटवीनं दोनदा दाराला कान लावला. “आई, काहीच आवाज नाही.” मी तांदूळ निवडायला घेतले, निवडून झाले, परत तेच निवडले. वाटलं, बावीस वर्षांचं सगळं मी एका पानात घालवून बसले.

दिवेलागणीच्या आधी वन्सं स्वयंपाकघराच्या दारात आल्या. हातात वही. डोळे लाल होते. चष्मा पुसत होत्या.

“सातव्या रांगेपर्यंत?”

मी मान हलवली.

“मुकुट काढ, तेसुद्धा?”

“हो.”

“आणि गाढवा?”

“गाढवा जरा जास्तच स्पष्ट होतं, वन्सं.”

मग त्यांचे खांदे हलू लागले. मी घाबरले, पुढे झाले, तर बाई हसत होत्या. पदर तोंडाला लावून, चौकटीला टेकून. “अगं, त्या राजाचे वडील समोर बसले होते! शाळेच्या समितीवर आहेत ते!” हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही. मी पाणी दिलं. त्या प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आणि कुणी बोललं नाही.”

“चुकलंच आमचं.”

“चुकलंच. एक वर्षभर मी पोरांची नाटकं पाडत होते.” वही माझ्या हातात देत म्हणाल्या, “उद्या शाळेत येशील?”

“मी? कशाला?”

“मला पाय दिसतात. तुला आवाज आहे. दोघींचं मिळून एक माणूस होतं का बघू.”

सोमवारी सकाळी त्या मला घेऊन थेट विज्ञानाच्या सरांकडे गेल्या. “सर, माझी कुजबुज मोठी झालीय हे सांगायला आला होतात आणि पडद्याची तारीफ करून गेलात. पडदा माझ्या भावजयीनं शिवलाय, तिला आनंद झाला. आता ऐका. मोठ्या बाईंना मी सांगते. स्टुलं दोन लागतील. शब्द ही देईल. मी तोंड उघडणार नाही. उघडलं तर मला पहिल्या रांगेत नेऊन बसवा आणि फुलं द्या.” सरांचे कान लाल झाले. ते दुसरं स्टूल आणायला स्वतः धावले.

दोन दिवसांत वन्संनी मला तयार केलं. मी समजत होते, कुजबुज म्हणजे हळू बोलणं. तसं नसतं. “स आणि श फार लांब जातात, शिट्टीसारखे,” वन्सं म्हणाल्या. “वाक्य स नं सुरू होत असेल तर तो शब्द सोड, पुढचा दे. घसा वापरू नकोस. आणि अख्खं वाक्य द्यायचं नाही. दोन शब्द. उरलेलं त्याचं त्याला आठवू दे, नाहीतर त्याला वाटेल आपण काही केलंच नाही.” घरी परीक्षा झाली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात, टिटवी मधल्या खोलीत, हे अंगणात. टिटवीला ऐकू आलं पाहिजे, ह्यांना नाही.

“आलं का?” मी ओरडून विचारलं.

“काय?” हे.

“पास,” टिटवी म्हणाली.

“बाबांचा भरवसा नाही,” असंही म्हणाली. “त्यांना एरवीही तुझं ऐकू येत नाही.”

गॅदरिंग दुपारी तीनला होतं. रंगमंचामागच्या वर्गात बाकं भिंतीला लावलेली, जमिनीवर पिना, पावडर, केसांच्या क्लिपा. नाचाच्या मुली एकमेकींच्या वेण्या घालत रांगेत बसलेल्या, आगगाडीचे डबे जोडावेत तशा. कुणीतरी रडत होती, एका मुलीची ओढणी हरवली होती आणि ती तिच्याच गळ्यात होती. वन्सं त्या सगळ्यातून शांतपणे गेल्या, जाता जाता ओढणीवालीच्या गळ्याकडे बोट दाखवलं, आणि विंगेत आपल्या स्टुलावर जाऊन बसल्या. मी शेजारच्या. वही माझ्या मांडीवर, पेन्सिल त्यांच्या हातात. ठरलं होतं असं: अंगठा दुमडलेला दिसला की त्या पेन्सिलीचं मागचं टोक माझ्या गुडघ्यावर टेकवणार. मग मी शब्द द्यायचा. त्याआधी नाही.

आधी दोन नाच झाले. मग नाटक सुरू. होडी म्हणजे पुठ्ठ्याची, निळ्या साडीची नदी. मी देवाचं नाव घेतलं आणि पानावर बोट ठेवलं.

चौथ्याच मिनिटाला गुडघ्यावर टक्. पोतंवाला व्यापारी, सहावीतला गुबगुबीत मुलगा, छान तोऱ्यात उभा होता. चेहरा एकदम निवांत. पण अंगठा आत. मी म्हटलं, “माझ्या पोत्यात...” आणि तो गरजला, “माझ्या पोत्यात काय आहे ते कुणी विचारायचं नाही!” लोक हसले. मला वाटलं, माझंच वाक्य होतं ते. वन्संनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांची नजर फळ्यांवर.

आणि मग टिटवीचा प्रसंग आला. होडीवाली सगळा वेळ बडबडत असते, वल्हं मारता मारता प्रत्येकाची उणीदुणी काढते. एक परटीण विचारते, “बाई, ही होडी बुडणार नाही ना?” इथे होडीवाली पहिल्यांदा गप्प होते. वहीत गोल होता, आत तीनचा आकडा. तालमीत टिटवी तीन मोजून पुढे जायची.

मी मोजलं. एक, दोन, तीन. टिटवी गप्प. चार. पाच. सहा. माझं पोर विसरलं. समोर चारशे माणसं. सात. मी पुढे वाकले, तोंड उघडलं, शब्द ओठांवर आलाच होता, तेवढ्यात वन्संनी माझं मनगट धरलं. असं धरलं की दुखलं. दुसऱ्या हातातल्या पेन्सिलीनं त्यांनी टिटवीच्या पायांकडे दाखवलं. दहाही बोटं फळीवर सपाट. एकही दुमडलेलं नाही.

टिटवी विसरली नव्हती. ती होडीतल्या एकेका उतारूकडे बघत होती, सावकाश, वरपासून खालपर्यंत. व्यापारी, त्याचं पोतं, परटीण, तिचं गाठोडं. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्स केलं. मग मधे कुणीतरी. ती पाचव्या उतारूपाशी पोहोचेपर्यंत सगळं सभागृह खदखदायला लागलं होतं. तेव्हा तिनं विचारलं, “पोहता कुणाकुणाला येतं?”

काय हसले लोक! हे मागे उभे होते, त्यांनी नंतर सांगितलं की शेजारच्या अनोळखी माणसानं त्यांच्या पाठीत थाप मारली. मी तर वही विसरून हसत होते, आणि तिथेच माझं चुकलं. आईच्या डोळ्यांनी बघत बसले. गुडघ्यावर टक्, पुन्हा टक्. खाली पाहिलं तर पान कुठलं, ओळ कुठली, काही कळेना. परटिणीचा अंगठा आत वळलेला. वन्संनी शांतपणे माझ्या मांडीवरचं पान उलटलं आणि ओळीवर बोट ठेवलं. मी शब्द दिला. परटीण बोलली. कुणाला काही कळलं नाही.

नाटक संपलं, पडदा पडला. वन्संनी अजून माझं मनगट धरलेलंच होतं. “हसले ना?” त्यांनी विचारलं. खरंच हळू विचारलं की मोठ्यानं, ते टाळ्यांत कळलं नाही.

मी मान हलवली.

“मला फळ्यांतून कळलं. पायाखाली थरथरत होतं.” मग म्हणाल्या, “नऊ मोजले तिनं. मी तीन लिहिले होते. पोरीला माझ्यापेक्षा जास्त कळलं.” आणि पेन्सिलनं वहीतला तीन खोडून तिथे नऊ लिहिले. नाटक होऊन गेलं होतं तरी.

सर घाम पुसत आले. “बाई, एक शब्द ऐकू आला नाही बाहेर!” वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या कानाशी सगळं वाक्य परत म्हटलं. त्यांनी सरांकडे मान झुकवली आणि म्हणाल्या, “शब्द हिनं दिले. हिला सांगा.” त्या एका वाक्यानं मला इतकं भरून आलं, की मी पडद्याच्या दोऱ्या बघत उभी राहिले.

उरलेला कार्यक्रम आम्ही समोर बसून बघितला. वन्सं आल्या त्या नाखुशीनंच. एकतीस वर्षांत त्यांनी गॅदरिंग कधी समोरून पाहिलं नव्हतं. पाचव्या रांगेत कडेला दोन खुर्च्या मिळाल्या. नाच झाला तो त्यांनी डोळे मोठे करून पाहिला. “पाठीमागून ह्या सगळ्या सारख्या दिसतात गं. तोंडं किती वेगळी आहेत!” शेवटी सहावीच्या मुलींचं समूहगीत होतं. पेटी, तबला आणि वीस बारीक गळे. वन्सं पुढे वाकल्या, कानामागे तळवा धरला. थोड्या वेळानं तो खाली घेतला.

“तबला येतोय. मुलींचं काही येत नाही. काय गातायत?”

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि दोन दिवस शिकले होते तसं, घसा न वापरता, हळू सांगितलं. त्यांना कळलं नाही. पुन्हा सांगितलं. त्या माझ्याकडे वळल्या आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, “अगं, मोठ्यानं सांग. मला ऐकू येत नाही.”

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. पुढच्या दोन रांगांनीही ऐकलं. माणसं वळली. मागच्या वर्षीच्या राजाचे वडीलही वळले. क्षणभर मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण वन्सं सरळ बसल्या होत्या, माझ्याकडे कान करून, वाट बघत. पुढची एक बाई काही न बोलता आपल्या खुर्चीसकट जरा बाजूला सरकली, म्हणजे त्यांना मुलींचे ओठ दिसावेत.

मग मी मोठ्यानं सांगितलं. मुली एक ओळ म्हणायच्या, मी ती वन्संना सांगायचे. कुणी शूः केलं नाही. दुसऱ्या कडव्यात एका ओळीला मी माझंच काहीतरी जोडलं, कारण मुलींनी काय म्हटलं ते मलाही नीट कळलं नाही.

“हे गाण्यात नाही,” वन्सं म्हणाल्या.

“तुम्हांला कसं कळलं?”

“तबल्यात बसत नाही. गप्प बस आणि त्या म्हणतील तेवढंच सांग.”

मी तेवढंच सांगितलं. घरी येताना त्यांनी आपणहून विचारलं, कानाचे डॉक्टर कुठल्या दिवशी बसतात. शुक्रवारी, असं ह्यांनी सांगितलं. शुक्रवारी आम्ही दोघी जाऊन आलो. यंत्र मिळायला आठ दिवस लागणार आहेत. तोवर दूधवाल्यासाठी मी दाराशी बसते, आणि या आठ दिवसांबद्दलही देवाची ऋणी आहे, कारण इतकी वर्षं जिनं मला शब्द दिले तिला घरातलं जे जे बोलणं चाललं असेल ते ते मी सांगते आहे, अगदी टिटवीच्या तक्रारींसकट.